तोरणी सोडायची नाही

“सोडा! दोऱ्या सोडा आणि मागे पळा!”

मी मुळात हळू बोलणारा माणूस आहे. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू असला की माझे बोलणे कामगारांना ओठांवरून ओळखावे लागे. त्या सकाळी मात्र माझा आवाज पाण्यापलीकडच्या डोंगरावर आपटून परत आला. माझ्यासमोर ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रेलरवर एक लहान शिडाची बोट होती. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी सरळ उभी होती, आणि ते सगळे धूड उतारावरून मागे सरकत होते. मागे रस्त्याला आडवी अकरा हजार व्होल्टची लाइन गेलेली होती. डोलकाठीला बांधलेल्या चार दोऱ्यांपैकी तीन माझ्या कामगारांच्या हातात होत्या. चौथी माझ्या हातात होती.

एकानेही दोरी सोडली नाही.

त्या क्षणाला आता बरीच वर्षे झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप होते. आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर आणि ऊसगाड्यांच्या चासी बनवत असू. बोटीशी आमचा काहीही संबंध नव्हता. तो आणला कमांडर मगदूम यांनी.

कमांडरसाहेब नौदलातून निवृत्त होऊन कोल्हापुरात स्थायिक झाले होते. त्यांचे घराणे कबनूरचे. भावांचे यंत्रमाग होते आणि घरातले सगळे लोक सूत, बीम, वीज याबद्दल बोलत. एकटे हेच पाण्याबद्दल बोलत. त्यांनी मुंबईहून एक जुनी शिडाची बोट ट्रेलरसकट आणली होती. राधानगरीच्या वाटेवर एका धरणाच्या जलाशयात ती चालवण्याची परवानगीही मिळवली होती. अडचण डोलकाठीची होती.

डोलकाठी म्हणजे शीड ज्यावर चढवतात तो उंच खांब. ट्रेलरवरून ने-आण करायच्या बोटीत हा खांब कायमचा उभा नसतो. त्याच्या बुडाशी एक बिजागरी असते. रस्त्याने जाताना खांब मागच्या बाजूला आडवा झोपवून ठेवायचा, पाण्याजवळ गेल्यावर उभा करायचा आणि परतताना पुन्हा झोपवायचा. ऐकायला सोपे आहे. पण आडव्या पडलेल्या लांब खांबाचे वजन बुडापाशी उभ्या माणसाला कित्येक पटींनी जास्त लागते. कमांडरसाहेबांच्या हातून कोकणात ही काठी एकदा निसटली होती, आणि मदतीला उभ्या असलेल्या एका कोळ्याच्या खांद्याला चाटून खाली आली होती. तो माणूस वाचला. पण ते पाहणाऱ्या सुमनवहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नींनी, त्या दिवशी एक अट घातली. ती अट त्यांनी माझ्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून मलाही ऐकवली.

“पाटील, यांनी काठी एकट्यानं उभी करून, एकट्यानं खाली आणून दाखवायची. तेवढं यंत्र तुम्ही करून द्या. दुसऱ्याच्या लेकरांचा बाप त्या काठीखाली उभा राहणार नाही. नाही जमलं तर बोट विकायची.”

“जमेल, वहिनी,” मी म्हणालो.

“आणि पुन्हा कुणाला बोलवायचं नाही मदतीला.”

“नाही बोलवणार.”

हे माझे शब्द मला नीट आठवतात. पुढे जे घडले त्यात ते वारंवार ऐकू येत राहिले.

यंत्र अवघड नव्हते. आडव्या खांबाला पुढून दोरी लावून ओढले तर दोरी खांबाच्या रेषेतच ताणली जाते. ती खांबाला उचलत नाही, नुसती बुडाकडे दाबते. म्हणून बोटीच्या पुढच्या भागात एक आखूड नळी उभी करायची आणि दोरी तिच्या टोकावरून न्यायची. मग तीच ओढ तिरकी, वरच्या दिशेची होते. या नळीला जिन पोल म्हणतात. दोरीचे दुसरे टोक हाताने फिरवायच्या एका लहान विंचवर गुंडाळायचे. विंचच्या चक्राला खटका असतो, त्यामुळे हँडल सोडले तरी भार मागे जात नाही. माणसाने फक्त हँडल फिरवायचे.

एक गोष्ट मात्र वाचकांनी लक्षात ठेवावी. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी पोलादी तारा असतात. काठी पूर्ण उभी झाली की त्या तारा ताणल्या जातात आणि तिला घट्ट धरतात. पण काठी अर्ध्यावर असताना त्या सैल असतात, आणि तेवढ्या वेळापुरती काठी डावी-उजवीकडे झुलू शकते. यासाठी मी बिजागरीच्या रेषेत दोन खुंट्या वेल्ड केल्या आणि त्यांना झुलणे थांबवणाऱ्या जादा दोऱ्या बांधल्या. वर्कशॉपच्या आवारात आम्ही चाचणी घेतली. साहेबांनी एकट्याने हँडल फिरवले. काठी शांतपणे वर आली आणि शांतपणे खाली गेली. साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि काही वेळ सोडलाच नाही.

काम तिथे संपले होते. मी ते तिथे संपू दिले नाही.

माझ्या वर्कशॉपमधली बहुतेक माणसे माझ्याच गावची, आणि आमच्या गावची जोतिबाला सासनकाठी जाते. चैत्रात आम्ही चार दिवस शटर खाली ओढत असू, आणि गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक होते. ज्यांनी सासनकाठी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती चांगली घरापेक्षा उंच, कापडाने मढवलेली कळकाची काठी असते. एक माणूस तिचे बूड आपल्या अंगावर पेलतो आणि उभ्या काठीसह चालतो, नाचतोसुद्धा. तिचा तोल राखण्यासाठी वरून दोऱ्या सोडलेल्या असतात. त्यांना आम्ही तोरण्या म्हणतो, आणि त्या चारी बाजूंनी माणसे धरतात. यात दोन नियम लहानपणापासून अंगात मुरतात. पहिला, काठीचा शेंडा ज्या बाजूला कलेल त्या बाजूला बूड न्यायचे, म्हणजे काठी पुन्हा सरळ होते. दुसरा, काठी उभी असेपर्यंत तोरणी सोडायची नाही. हात सोलून निघाला तरी नाही. सोडायचीच वेळ आली तर ती दुसऱ्याच्या हातात देऊन मगच मोकळे व्हायचे.

आमच्या गावच्या काठीचे बूड पेलणारा माणूस म्हणजे रंगराव, माझा सर्वांत जुना फिटर. वर्कशॉपमधली चाचणी पाहून तो म्हणाला, “मालक, हितं भिताडाचा आडोसा हाय. तिथं पाण्यावर वारं असतंय. पहिल्यांदा आपली चार माणसं असूंद्यात दोऱ्यास्नी. काठी म्हंजे काठीच की.”

मला पटले. खरे सांगायचे तर नुसते पटले नाही, आवडले. माझ्या खुंट्यांवर आणि विंचवर माझा विश्वास होता, दोऱ्यांना माणसे लावण्याची गरज नव्हती. पण ती परदेशी धाटणीची काठी आमच्या माणसांच्या मध्ये उभी राहिलेली मला पाहायची होती. सुरक्षिततेचे कारण मी त्याला नंतर जोडले.

जलाशयाकाठी पोहोचलो तेव्हा उन्हे वर आली होती. खाली पाणी, वर मुरमाचे सपाट मैदान, आणि मैदानाच्या वरच्या अंगाला दहा-बारा घरे. त्यात एक पिठाची गिरणी होती. गिरणीच्या पायरीवर बायका दळणाचे डबे घेऊन बसल्या होत्या. ती भारनियमनाची वर्षे होती. गिरणीच्या मालकीणबाईंनी आमच्या ट्रेलरकडे पाहून मोठ्याने विचारले, “आवो पावणं, एवढं जहाज घिऊन आलासा, येताना वाईच लाईट बी आणायची की!”

“लाईट कधी येते, आक्का?” मी विचारले.

“सांगत्यात येळ, पण तिला कुठं घड्याळ कळतंय? ईल तवा ईल. डबं मातूर हितंच बसल्यात.”

सगळे हसले. मीही हसलो. वीज नाही ही गोष्ट मी अशी हसत ऐकली आणि विसरलो.

मैदान आणि पाणी यांच्या मधून विजेची लाइन गेली होती. ती मी पाहिली होती. माझी योजना अशी होती की मैदानावर काठी एकदा उभी करून पाहायची, झोपवायची, झोपलेल्या अवस्थेत लाइनखालून जायचे आणि पाण्याच्या कडेला ती पुन्हा उभी करायची. लाइन मागे बरीच दूर होती. ट्रॅक्टर रंगराव चालवत होता. त्याला मी ब्रेक लावून बसायला सांगितले. चाकांना दगड लावायला सांगितले नाही, कारण मैदान सपाट दिसत होते. ते पाण्याकडे किंचित उतरते होते हे ट्रेलर चालू लागल्यावर कळले.

वहिनी जीपमधून उतरल्या. हातात थर्मास होता. डोलकाठीला तोरण्यांसारख्या बांधलेल्या चार दोऱ्या धरून उभी असलेली माणसे पाहून त्या थांबल्या.

“पाटील, ही माणसं कशाला?”

“आजच्या दिवस, वहिनी. काही करायचं नाही त्यांना. नुसतं धरायचं.”

“नुसतं धरायचं?”

“हो.”

त्या थर्मास बॉनेटवर ठेवून दूर जाऊन उभ्या राहिल्या.

साहेब बोटीच्या पुढच्या भागात विंचजवळ बसले आणि हँडल फिरवू लागले. काठी मागच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या दिशेने आडवी होती. ती वर येऊ लागली. दगडू, हा माझा वेल्डर, डाव्या बाजूला होता. त्याने दोरी मनगटाभोवती एक वेढा देऊन धरली, जशी जोतिबाच्या डोंगरावर धरतो. मी ते पाहिले आणि मला त्यात काही चूक दिसली नाही, कारण माझ्याही मनगटाला वेढा होता.

काठी अर्ध्याच्या वर आली असेल, तेव्हा डोंगराकडून वाऱ्याचा एक झोत आला. विंचचा खटका चक्राच्या दातात नीट बसला नव्हता. तो एक दात घसरून पुढच्या दातात अडकला. एवढ्याने काठी मागे हातभर झुकली आणि थांबली. यात धोका नव्हता. साहेबांनी हँडल घट्ट धरून ओरडून सांगितले, “होल्ड! कुणी हलू नका. मी खाली घेतोय.” तेच बरोबर होते. अर्ध्यावर काही बिघडले तर काठी हळूहळू पुन्हा झोपवायची.

पण रंगराव मागे वळून शेंड्याकडे पाहत होता. शेंडा मागे कलला होता. उभ्या आयुष्यात कललेल्या शेंड्याचे एकच उत्तर त्याला माहीत होते, आणि ते उत्तर त्याच्या डोक्यात नव्हे, त्याच्या पायात होते. बूड शेंड्याखाली न्यायचे. आज बूड त्याच्या पोटावर नव्हते, ट्रॅक्टरच्या मागे होते. त्याने ब्रेक सोडला, रिव्हर्स टाकला आणि ट्रेलर मागे घेतला.

आणि ते जमले. हे सांगताना मला आजही विलक्षण वाटते. बूड मागे सरकताच काठी झपकन सरळ उभी राहिली, पुढची दोरी सैल पडली, बाजूच्या तारा खण्ण करून ताणल्या गेल्या. दगडू ओरडला, “जोतिबाच्या नावानं…” आणि बाकीच्यांनी तोंडभरून उत्तर दिले, “चांगभलं!” मीही दिले. गिरणीच्या पायरीवरच्या दोघीतिघींनीही दिले.

सरळ झालेली काठी घेऊन ट्रेलर मात्र थांबला नाही. उतार लागला होता. रंगरावने ब्रेक दाबला, पण मुरमावर चाके घसरू लागली. आणि आम्ही काय केले? आम्ही तिच्याबरोबर चालू लागलो. दोऱ्या ताणून, मान वर करून, पावले मिळवून. मिरवणुकीत काठी चालते तेव्हा तोरण्याही चालतात. वीस-पंचवीस पावले तरी आम्ही तसे चाललो असू, आणि त्यातली पहिली काही पावले, मला कबूल केले पाहिजे, आनंदाची होती.

मग मला शेंड्यामागे लाइन दिसली.

तेव्हा मी ओरडलो. ते शब्द मी सुरुवातीला सांगितले आहेत. दगडूने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, गोंधळ होता. मालक आज असे काय सांगतोय, हा गोंधळ. त्याने पाय अधिक रोवले आणि दोरी आणखी आवळली. बाकीच्या दोघांनीही तेच केले. मी पुन्हा ओरडलो, “सोडा!” आणि ओरडता ओरडता पाहिले, की माझ्या स्वतःच्या दोन्ही मुठी दोरीवर मिटलेल्या आहेत. मी इंजिनियर होतो. अॅल्युमिनियमची काठी त्या विजेच्या तारेला टेकली तर ओली दोरी आणि तिला धरलेले माणूस यांचे काय होते, हे मला शिकवलेले होते. आमच्या दोऱ्या पहाटे निघताना दवात लोळून ओल्या झाल्या होत्या आणि अजून वाळल्या नव्हत्या. तोंड सोडा म्हणत होते, आणि हात धरून होते.

काठी तारेला टेकली. तार ताणलेल्या सुतळीसारखी वाजली आणि थरथरत राहिली. ट्रॅक्टर थांबला.

काहीही झाले नाही.

जिवंत आहोत की नाही हे कळायला माणसाला इतका वेळ लागतो, हे मला ठाऊक नव्हते. पहिला आवाज आला तो वरून, गिरणीच्या पायरीवरून. मालकीणबाई उभ्या राहून दोन्ही हात हलवत होत्या.

“आरं देवा! लाईट न्हाय म्हणून वाचलाय रं! सोडा की त्ये! आत्ता ईल लाईट, आत्ता ईल!”

ज्या भारनियमनाला त्या बायका सकाळपासून शिव्या देत होत्या, त्याने आम्हाला त्या क्षणापर्यंत जिवंत ठेवले होते. आणि ते कोणत्याही क्षणी संपणार होते.

बोटीवरून साहेब शांत आवाजात म्हणाले, “पाटील, मी आणि रंगराव जागेवरून हलत नाही. आम्ही उतरताना एक पाय गाडीवर आणि एक जमिनीवर पडला, आणि त्याच वेळी करंट आला, तर संपलं. आधी जमिनीवरची माणसं लांब करा. मग ट्रॅक्टर पुढे घेऊ.”

हे अगदी योग्य होते. दोऱ्यांची गरजही उरली नव्हती. काठी पूर्ण उभी होती, तिच्या स्वतःच्या तारांनी तिला धरले होते. आम्ही चौघे ज्याला कोणी धरायची गरज नव्हती ते धरून उभे होतो.

“दगडू, सोड ती,” मी म्हणालो.

“काठी हुबी हाय, मालक.”

“असू दे. पडत नाही ती.”

“साहेब वर बसल्यात. रंगूमामा बसल्यात. तेंच्या डोक्यावर काठी सोडून मी पळू व्हय?”

त्याच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. मग मला जे सुचले ते शहाणपण नव्हते, दुसरा नियम होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि हात पुढे केला.

“दे माझ्याकडे.”

त्याने तत्काळ मनगटाचा वेढा काढला आणि दोरी माझ्या हातात दिली. दिल्यावर तो पुन्हा माणसात आला. मी म्हणालो, “वर गिरणीपर्यंत पळ,” आणि तो पळाला. दुसऱ्याने दिली, तिसऱ्याने दिली. तेही गेले. आता चारही तोरण्या माझ्याकडे होत्या.

मला त्या टाकायच्या होत्या. एवढेच करायचे होते. बोटे उघडायची. मी माझ्या हातांकडे पाहत उभा राहिलो आणि ती उघडेनात. यात शौर्य नव्हते, हे मी नि:संकोच सांगतो. पुढे अनेकांनी त्याला तसे नाव दिले, म्हणून मुद्दाम सांगतो. माझी बुद्धी सांगत होती तेच मला करता येत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होता.

“मालक!” रंगरावचा आवाज चिरकला. “सोडा की आता! मी पुढं घ्यायचा थांबलोय!”

तेवढ्यात कोणीतरी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. सुमनवहिनी होत्या. त्यांनी पदर कमरेला खोचला होता आणि दोन्ही तळहात माझ्यापुढे उघडे धरले होते.

“द्या माझ्याकडे,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या तळहातांकडे पाहिले. त्यांना त्या दोऱ्या देण्याची कल्पना माझ्या मनात आली मात्र, आणि माझ्या अंगातून जो धक्का गेला त्यापुढे विजेचा धक्का काय असेल मला माहीत नाही. माझे हात आपोआप उघडले. चारही दोऱ्या मुरमावर पडल्या. वहिनींनी माझा दंड धरला आणि मला ओढत वर नेले.

“रंगराव, पुढे!” साहेब म्हणाले.

ट्रॅक्टर गुरगुरला, चाकांनी मुरूम उडवला आणि ट्रेलर वर चढला. काठी तारेपासून सुटली. तार वरखाली हिंदकळली आणि थांबली. रंगरावने ट्रॅक्टर मैदानाच्या अगदी वरच्या टोकाला, गिरणीजवळ आणून थांबवला. दगडूने धावत जाऊन चाकांना दगड लावले, चारी चाकांना, कोणी न सांगता. मग साहेबांनी विंचचा खटका बोटाने चाचपून दातात नीट बसवला, हँडल उलटे फिरवले आणि डोलकाठी एकट्याने खाली आणली. कोणी जवळ गेले नाही.

आम्ही गिरणीच्या पायऱ्यांवर बायकांच्या डब्यांमध्ये बसलो. वहिनींनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागला. झाकण दगडूपर्यंत पोहोचले असेल, तेव्हा आमच्या पाठीमागे गिरणीचा पट्टा फट्‌ असा आवाज करून ताणला गेला आणि फिरू लागला. जाते घरघरले. आत पिवळा बल्ब लागला.

एकही बाई डबा घेऊन उठली नाही. सगळ्या आमच्याकडे पाहत होत्या. दगडूने झाकण खाली ठेवले आणि स्वतःचे दोन्ही तळहात उघडून त्यांकडे पाहत बसला. रंगराव उठून गिरणीच्या मागे गेला. त्याला उलटी होत होती ते आम्हाला ऐकू येत होते.

काही वेळाने मालकीणबाई दारात आल्या. मघाची थट्टा त्यांच्या आवाजात नव्हती.

“आज माझ्या जात्यावर पयलं दळाण जोतिबाचं,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

परतताना जीपमध्ये मी वहिनींच्या मागे बसलो होतो. त्यांची माफी मागायला मी शब्द जुळवत होतो. त्याच मागे न वळता म्हणाल्या, “हात दाखवा तुमचे.” मी ते त्यांच्या खांद्यावरून पुढे केले. दोन्ही तळव्यांवर दोरीचे लाल चर पडले होते.

“वहिनी, तुम्ही खरोखर घेतल्या असत्या त्या दोऱ्या?”

“मी? मुळीच नाही. मला काय वेड लागलंय?” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही देणार नाही, हे ठाऊक होतं.”

बोट विकली गेली नाही. अट तर पूर्ण झाली होतीच. आम्ही विंच बदलली. साहेब त्यानंतर बरीच वर्षे पाण्याच्या कडेला, लाइनच्या पुढे, एकट्याने काठी उभी करत आले. ट्रेलरच्या चासीवर मी तांबड्या रंगात ‘आधी वर बघा’ असे रंगवून दिले. रंगराव मात्र कित्येक दिवस मला एकच विचारत राहिला, “मालक, माझं चुकलं का वं? काठी तर सरळ झालती.” त्याचे चुकले नव्हते. काठी खरोखरच सरळ झाली होती. एका पद्धतीत बूड हलवायचे असते, दुसऱ्या पद्धतीत ते जखडायचे असते. रंगरावने आपली पद्धत पाळली, साहेबांनी आपली. या दोन पद्धती एकाच ट्रेलरवर चढवणारा माणूस मी होतो, आणि मला दोन्ही पद्धती येत होत्या. म्हणून तो प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता, आणि मी तो अजूनही विचारतो.

कोणाला ट्रेलरवरच्या बोटीची डोलकाठी उभी करायची असेल तर माझा सल्ला थोडक्यात असा. जागा निवडताना आधी आकाशाकडे बघावे, मग जमिनीकडे. वीज गेलेली असली तरी तार जिवंत समजावी. चाकांना दगड लावावेत. ट्रॅक्टर सोडवून लांब न्यावा, किल्ली आपल्या खिशात ठेवावी, आणि रंगरावसारखा कोणी अनुभवी माणूस बरोबर असेल तर त्याला आदराने चहा आणायला पाठवावे.

आमच्या गावात चैत्रात काठी बाहेर काढण्याआधी आता एक तालीम होते. ती मीच सुरू करायला लावली. काठी देवळासमोर आडवीच असते. तोरणीवाले दोऱ्या मनगटाला वेढा न देता धरून उभे राहतात, आणि रंगराव “सोडा!” असे ओरडला की सगळ्यांनी त्याच क्षणी दोऱ्या खाली टाकायच्या. म्हाताऱ्यांना हे पहिल्यांदा अशुभ वाटले. तरणी मंडळी हसतात, पण टाकतात. दोऱ्या टपटप मातीत पडतात.

त्यांत एक नेहमी उशिरा पडते. ती माझी असते.